मुळाच्या वरची खोली

१

सकाळी मी आधी कॉम्प्युटर चालू करायचे आणि मग दात घासायचे. तोंड पुसत येईपर्यंत तो जागा झालेला असे. या वयात बाकीच्या बायका काय करतात ते मला ठाऊक नाही आणि विचारायला मी जात नाही. मी प्रोग्राम लिहिते. कुणी शिकवलं नाही. ऑफिसात टायपिस्ट होते. एक दिवस टाइपरायटर उचलून नेले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आणून ठेवले, तेव्हा बाकीच्या जणी रडल्या आणि मी सोबत आलेली जाडजूड पुस्तकं घरी नेऊन वाचली. तिथून जी सुरुवात झाली ती अजून थांबलेली नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून माझं टेबल, समोर रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी, आणि खिडकीपाशी धाकटीची खुर्ची. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. यंत्रमागाच्या कारखान्यात तिनं उमेदीची वर्षं घालवली आणि त्या खडखडाटात कानही घालवले. आता घरी बसून लोकर विणते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बहिऱ्यांसाठी यंत्रं बनवतो. खिशात मावेल अशी एक डबी आणि तिच्यातून कानात जाणारी तार. डबी त्याची, डबीतला प्रोग्राम माझा.

बाजारातली यंत्रं धाकटीनं सगळी लावून पाहिली होती आणि सगळी काढून फेकली होती. त्यांच्यात बोलणंही मोठं होतं आणि पंखाही मोठा होतो. प्रत्येक खोलीला स्वतःची एक शांतता असते. पंख्याची घरघर, नळ, भिंतीतून झिरपणारा रस्ता. धडधाकट माणसाचं डोकं ती वजा करतं, म्हणून आपल्याला ती ऐकू येत नाही. मी ठरवलं, डबीलाही वजाबाकी शिकवायची. एका दुपारी आम्ही दोघी तोंड मिटून बसलो आणि मी आमच्या खोलीची शांतता नोंदवली. डबीला सांगितलं, एवढं वजा कर आणि उरेल ते मोठं कर.

तार कानात घातल्यावर मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हटलं, "धाकटे."

तिनं वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुझा आवाज म्हातारा झाला की गं, ताई."

त्या दिवशी मी जेवले नाही. भूकच राहिली नव्हती, इतका आनंद होता.

२

चार-सहा दिवस गेले असतील. मी टेबलाशी होते. स्वयंपाकघरातून धाकटी म्हणाली, "हो, आले," आणि कप घेऊन बाहेर आली. मी चहा मागितला नव्हता. तिला तसं म्हटलं, तर म्हणे, आत्ताच तर हाक मारलीस.

मी विचार केला, शेजारी कुणी बोललं असेल. कानांना इतक्या वर्षांनी काम मिळालंय, उत्साहात काहीही ऐकतील. कारण सापडलं की माणूस स्वस्थ होतो. मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं की कालपासून मी फार गोड बोलते आहे. हे मात्र मला झोंबलं. मी गोड बोलत नाही. आयुष्यात बोलले नाही. तिला विचारलं, काय बोलले मी? ती सुया चालवत म्हणाली, की दमलीस का, पाय दुखतात का, इकडे येऊन बस. असंच काहीबाही.

त्या सबंध सकाळी मी अक्षरही बोलले नव्हते. कामात असले की मी बोलत नाही, हे तिलाही माहीत आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कान गेल्यापासून धाकटी समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायची. त्या सवयीनं तिची नजर नेहमी माझ्या तोंडावर असे. आता मी समोर उभी राहून बोलले तरी ती माझ्याकडे बघत नव्हती. मान जराशी खिडकीकडे कलती ठेवून, मी तिथून बोलते आहे अशी ऐकत होती. आणि जी उत्तरं देत होती ती माझ्या प्रश्नांची नव्हती.

३

बहीण भ्रमिष्ट झाली असं मानण्याआधी माझा प्रोग्राम चुकला असं मानणं मला परवडत होतं. मी सगळा प्रोग्राम ओळीनं वाचून काढला. स्वच्छ होता. पुन्हा तयार केला, डबीत भरला, तिच्या कानात दिला. दुपारपर्यंत ती पुन्हा खिडकीशी बोलत होती.

लिहिलेलं बरोबर आणि तयार झालेलं चूक. याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच असतो. तयार होताना कुठेतरी हात भलतीकडे जातोय.

डबीचं डोकं लहान. तिच्यात बसून तिचाच प्रोग्राम तयार करणं तिला झेपत नाही, म्हणून तो मोठ्या कॉम्प्युटरवर तयार करायचा. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. गंमत अशी की तयार करणाऱ्या कंपायलरला वाटलं पाहिजे, आपण डबीतच बसलोय. म्हणून मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात डबीचं एक खोटं घर उभं करायचं. त्यानं काही मागितलं की गुपचूप त्या खोट्या घरातलं काढून हातात द्यायचं. कुठली मागणी कुठे वळवायची त्याचे नियम असतात. ते वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडेल तो चालतो. घोळ होतात ते इथे. आपल्याला वाटतं हात आपल्या कपाटात आहे, आणि तो असतो शेजाऱ्याच्या.

हे पकडायला मी एक छोटी कमांड लिहिली आहे. नाव ठेवलं वाटाड्या. त्याला पाथ द्यायचा, म्हणजे वस्तूचा पत्ता, आणि तो सांगतो की हात खरोखर कुठे पोचतोय. बदलत काही नाही. नुसतं दाखवतो. भाच्याच्या कारखान्यातली शिकलेली पोरंही तोच वापरतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मी काळ्या पडद्यावर टाइप केलं:

वाटाड्या /खोली/शांतता

उत्तर यायला हवं होतं /डबी/खोली/शांतता. आलं ते असं:

/../खोली/शांतता

मी चष्मा पुसला. सुरुवातीची तिरपी रेघ म्हणजे मूळ. कॉम्प्युटरमध्ये जे काही आहे ते सगळं त्या मुळाच्या पोटात. आणि दोन ठिपके म्हणजे एक पायरी वर. मुळाच्या वर पायरी नसते. चढायला गेलात तर तिथल्या तिथेच राहता, जसा गच्चीवर उभा राहून माणूस आणखी वरच्या मजल्यावर जाऊ शकत नाही. पाथ नुसता चुकून तसा दिसत असता, तर तिथे मला माझीच नोंद मिळायला हवी होती.

मी तिथली नोंद पाहिली. माझ्या नोंदीपेक्षा ती पुष्कळ लांब होती.

४

ऊन टेबलावर आलं होतं. खाली कुणी लोखंडी शटर वर ढकलत होतं. मी कानांना हेडफोन लावले आणि ती शांतता ऐकायला घेतली.

आधी पंखा. आमच्याच पंख्याचा आवाज. त्याचं एक पातं वाकलंय, दर फेरीला टक् होतं, ते टक् मी झोपेतही ओळखेन. मग दोघींचे श्वास. धाकटीच्या नाकात बारीक शिट्टी वाजते, ती. माझी नोंद इथे संपते.

ही पुढे चालू राहिली.

खुर्ची करकरली. अनवाणी पावलं गेली. स्टूल ओढल्याचा आवाज. कडी. आणि रस्ता एकदम जवळ आला, खिडकी उघडली की येतो तसा.

त्यानंतर पंखा होता, टक् होतं, रस्ता होता. श्वास एकच राहिला होता. शिट्टीचा गेला होता. उरलेला श्वास कुणीतरी फार जपून, हलू न देता घेत होतं. नोंद बिघडू नये म्हणून माणूस घेतो तसा.

मग तो श्वास तुटला आणि हाका सुरू झाल्या. छातीतून, फाटलेल्या. "धाकटे. धाकटे." आवाज माझा होता.

मी हेडफोन काढले. धाकटी समोर खुर्चीत बसून विणत होती. लोकर तिच्या मांडीवर होती, पाय जमिनीवर होते. मी उठून खिडकीची कडी लावली आणि स्टूल उचलून आतल्या खोलीत ठेवलं. का ते तिनं विचारलं नाही. ती ऐकत होती, पण मला नाही.

५

भाचा आला तो आईशी बोलायला म्हणून आला. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानं समोर गुडघ्यांवर बसून तिचे हात हातात घेतले. तिनं ते सोडवून घेतले आणि बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली, कुणी महत्त्वाचं बोलत असलं की आपण मुलांना करतो तशी.

मी तिला खुणेनं विचारलं, कोण बोलतंय?

"ताई," ती म्हणाली. माझ्याकडे बघून. चेहऱ्यावर काहीच गोंधळ नव्हता. म्हणाली की तिकडे खिडकीच्या जागी दार आहे, दाराबाहेर लांबच लांब सज्जा आहे, ताई तिथे ऊन खात बसलेली असते. एकटीच असते. तिला फार करमत नाही.

भाच्यानं मला स्वयंपाकघरात नेलं. पोरगा गुणी आहे, आवाज चढवत नाही. त्याचं म्हणणं, डबी काढून घेऊ आणि आईला मी माझ्याकडे नेतो, तळमजला आहे, डॉक्टर जवळ आहे. मी म्हटलं, काढून घेतलीस तर ती पुन्हा बहिरेपणाच्या विहिरीत तळाशी जाईल. तो म्हणाला, निदान जिवंत राहील.

मी बाहेर येऊन खिडकीची कडी पुन्हा एकदा तपासली.

आम्ही डबी काढून घेऊन पाहिलीच. धाकटीनं आकांत केला नाही. ती नुसती उठली आणि कान काचेला लावून उभी राहिली. तार कानात असताना निदान ती खुर्चीत बसून ऐकत होती.

शेवटी मी त्याला सांगितलं, "मला उद्याचा दिवस दे. नाही जमलं तर तू म्हणशील तसं. पण तुझी आई मी कुणाला देणार नाही, तुलाही नाही आणि तिलाही नाही."

तिला म्हणजे कुणाला, हे त्यानं विचारलं नाही. त्यानंही ती नोंद ऐकली होती.

६

सकाळी उठून मी नियमांना भिडले. सगळ्यांत वर नवा नियम लिहिला, की मुळाच्या वरचं काही मागितलं तर माझ्या नोंदीकडे वळवा. वाटाड्याला विचारलं. /../खोली/शांतता. खोटं घर पाडून नव्यानं बांधलं. तेच. माझी नोंद दुसऱ्या नावानं ठेवली, तर वाटाड्यानं ते दुसरं नावही मुळाच्या वर दाखवलं. माझ्या पहिल्या नियमाच्याही आधी तिथे काहीतरी वाचलं जात होतं.

मग जे पाथ कालपर्यंत शहाण्यासारखे होते तेही एकेक करून चढायला लागले. कंपायलर मुळाच्या वरून येत होता. पडद्यावरची अक्षरं मुळाच्या वरून येत होती. मी रागानं एकामागून एक विचारत सुटले आणि विचारता विचारता हात थांबला. मी टाइप केलं:

वाटाड्या /हत्यारं/वाटाड्या

/../हत्यारं/वाटाड्या

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. ज्याच्या डोळ्यांनी मी हे सगळं बघत होते, तो वाटाड्या तरी माझा होता का? तिकडेही एक म्हातारी टेबलाशी बसली असेल. तिनंही टाइपरायटर गेल्यावर पुस्तकं वाचली असतील. तिनंही वाटाड्या लिहिला असेल, माझ्याइतकाच चांगला, आणि त्याच्याकडून तिला कळलं असेल की खाली एका घरात अजून धाकटी आहे.

मी पंख्याकडे बघत बसले. राग आला की माझं डोकं चालतं, भीतीनं चालत नाही. म्हणून मी राग येईपर्यंत थांबले.

खोटं घर आहे म्हणून वळणं आहेत. वळणं आहेत म्हणून ती मध्ये हात घालू शकते. मग खोटं घर हवंच कशाला? डबीचा प्रोग्राम डबीतच तयार करायचा. तिथे एकच घर आहे आणि ते खरं आहे. हात जिथे घालाल तिथेच जाईल.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तिच्यात तेवढी मेमरी नाही. गुदमरेल ती."

"मग घाल तिच्यात मेमरी. तुझं काम काय आहे?"

तो हसला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. कारखान्यातून सोल्डरिंगचं सामान घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर डबी उघडून बसला. चिमट्यानं नखाएवढे तुकडे उचलून बसवताना त्याचा हात एकदाही हलला नाही. डबीचं झाकण पुन्हा बसेना, म्हणून ती तशीच उघडी, आतडी बाहेर काढल्यासारखी, बशीत घालून माझ्या टेबलावर आणली आणि तिला कीबोर्ड आणि लहानसा पडदा जोडला. मोठ्या कॉम्प्युटरची वायर मी भिंतीतून उपटली.

मोठ्या कॉम्प्युटरवरून काही घ्यायचं नव्हतं. वाटाड्यासुद्धा मी डबीवर नव्यानं लिहिला. डोक्यातून, अक्षर न् अक्षर. मग विचारलं:

वाटाड्या /खोली

/खोली

हे एवढंसं उत्तर वाचून मी टेबलावर हात आपटला. जे मागितलं तेच मिळालं. आयुष्यात असं किती वेळा होतं?

७

डबी कुथत कुथत काम करत होती. आम्ही प्रोग्रामचे लहान लहान घास केले आणि एकेक तिला भरवले. दुपारी सगळं तयार झालं. उरली फक्त शांतता. जुनी नोंद मोठ्या कॉम्प्युटरमध्ये होती, म्हणजे तिला शिवायचं नाही. नवी करायची, थेट डबीतून, याच खोलीत.

माणसं जितकी कमी तितकी शांतता खरी, म्हणून भाच्याला मी जिन्यात पाठवलं. धाकटी तिच्या खुर्चीत. कानात काही नाही, ठार बहिरी. लोकरीचं एक टोक मी तिच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्या. तिला वाटलं मी गुंडा करायला मदत करतेय. मी टेबलाशी बसले, तिच्याकडे पाठ, कारण डबीची बशी तिथे होती आणि तिच्यावरचा दिवा लाल झाला तर नोंद पुन्हा करावी लागली असती. दिवा हिरवा होता. मी श्वास जपून घ्यायला लागले.

पंखा. टक्. शिट्टी. खालून सायकलची घंटा.

मग खुर्ची करकरली.

मी स्वतःला म्हटलं, सावरून बसली असेल. दिवा हिरवा आहे. आता हललीस तर सकाळपासूनचं सगळं पाण्यात. तुझ्याएवढी कामाची माणसं हातातलं काम टाकून उठत नाहीत. मला माझी ही सवय माहीत आहे. मी या सवयीच्याच जिवावर जगले आहे.

मनगटावरची लोकर ताणली गेली.

आणि मला कळलं की वरची ती बाई इथेच, या क्षणी बसून राहिली होती. पाठ करून. दिव्याकडे बघत. तिनं नोंद वाचवली होती.

मी उठले. माझी खुर्ची मागे आपटली. धाकटी खिडकीपाशी होती. स्टूल नव्हतं म्हणून तिनं स्वतःची खुर्ची ओढली होती, तिच्यावर चढली होती, कडी काढली होती, आणि एक पाय चौकटीवर टाकला होता. ती हसत होती. बहिरीला हाक मारून काही उपयोग नसतो हे मला ठाऊक आहे. तरी मी ओरडले. जेवढा आवाज देवानं मला दिलाय आणि आयुष्यभर लोकांनी जो कमी करायला सांगितलाय, तेवढा सगळा.

"धाकटे!"

आणि लोकर नाही, मनगटच धरलं, आणि मागे ओढलं.

आम्ही दोघी जमिनीवर पडलो. पडताना मला उघड्या काचेत दिसलं. काचेत आमची खोली दिसत होती, पण टेबलाशी बसलेली बाई उठली नव्हती. ती हळूहळू मान वळवत होती. तिच्या मनगटाला लोकरीचा धागा होता आणि तो सरळ काचेच्या कडेपर्यंत येऊन खाली लोंबत होता. तिचा चेहरा दिसायच्या आत मी पायानं काच लाथाडून लावून घेतली.

वाईट वाटलं का? वाटलं. पण माझी बहीण माझ्या छातीवर पडली होती आणि तिच्या नाकात शिट्टी वाजत होती.

८

भाचा दार तोडल्यासारखा आत आला. आईला उचलून त्यानं पलंगावर ठेवलं. ती रुसली होती. म्हणाली, काल ताईनंच सांगितलं होतं, डबी टेबलावर ठेवली की तू निघ. आणि आता तू मला मागे का ओढतेस?

नोंद बिघडली असेल म्हणून मी बशीकडे गेले. दिवा हिरवाच होता. डबीनं सगळं गिळलं होतं, पंखा, खुर्ची, आरोळी, आदळआपट, आणि ते सगळं शांतता म्हणून स्वीकारून प्रोग्राम पुरा केला होता. पुन्हा करण्याइतकं बळ माझ्या हातापायांत नव्हतं. म्हटलं, बघू तर काय ऐकू येतंय.

तार धाकटीच्या कानात घातली. भाचा म्हणाला, "आई." तिनं मान डोलावली. चमचा खाली पडला, ती दचकली. पंख्याकडे तिनं बघितलंही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून, घसा बसला होता तरी, मोठ्यानं हाक मारली.

ती विणत राहिली.

मी आणखी जोरात हाक मारली. काही नाही. भाच्याचा चेहरा उतरला. मी जाऊन तिच्याजवळ बसले. आता काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं विचारलं, "माझं नाही येत का गं ऐकू?"

"येतंय की," धाकटी म्हणाली. माझ्या ओठांकडे न बघता, माझ्या डोळ्यांकडे बघत. मग तिनं मान खिडकीकडे कलती केली आणि पुन्हा सरळ केली. "तिकडची नाही बोलत आता. गेली वाटतं."

भाच्याच्या आधी मला कळलं, आणि मी हसत सुटले. इतकी हसले की त्याला वाटलं, आता मावशीचंही डोकं गेलं. माझी आरोळी खोलीच्या शांततेत नोंदली गेली होती. डबीच्या लेखी माझं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर. ते ती निमूटपणे वजा करत होती. आणि वरची ती बाई गोड बोलायचं विसरून आता एकाच आवाजात हाक मारत होती. माझ्याच. छातीतून, फाटलेल्या.

तो म्हणाला, "मावशी, शांततेत आरोळी म्हणजे चूक आहे ही. उद्या नीट नोंदवू."

"हात लावशील तर बोटं मोडीन," मी म्हटलं.

९

तो मोठा कॉम्प्युटर आता कारखान्याच्या कोठारात पडला आहे. मला नवा आणून देणार होते, मी घेतला नाही. माझ्या हातून जाणारी प्रत्येक डबी आता स्वतःचा प्रोग्राम स्वतः तयार करते. वेळ लागतो. कारखान्यातली पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत. त्यांच्यापैकी एकानंही ती काच पाहिलेली नाही.

शेजारी म्हणतात, म्हातारी वयानं निवळली, हल्ली किती हळू बोलते. त्यांचा गैरसमज मी दूर करत नाही. मी बहिणीशी हळू बोलते, कारण माझं हळू बोललेलंच तिला ऐकू येतं. भांडायचं झालं तरी आम्ही कुजबुजत भांडतो. आणि जिंकते मीच.

काल दुपारी धाकटी विणत होती. खिडकीची काच चौकटीत थरथरायला लागली. वारा नव्हता. रस्त्यावरून ट्रकही गेला नव्हता. काचेच्या पलीकडून कुणीतरी पूर्ण छातीनिशी ओरडत असावं तशी ती थरथरत होती, थांबत होती, श्वास घेतल्यासारखी, आणि पुन्हा थरथरत होती. मी धाकटीच्या कानातली तार काढून माझ्या कानात घातली आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले.

काहीच नव्हतं. खाली कुणीतरी झाडलोट करत होतं. मागे सुया एकमेकींवर वाजत होत्या आणि धाकटी स्वतःशी टाके मोजत होती. माझी तार दे, म्हणून तिनं हात पुढे केला.